चौघांपुरती भाजी

आधीच सांगून टाकते, मला स्वतःचं कौतुक करायला आवडतं. दुसरं कुणीतरी करेल म्हणून वाट बघत बसले असते तर बसूनच राहिले असते. तेव्हा ऐका. आमच्या घरामागे जी जागा आहे, जिथे आज घेवडा आहे, मुळे आहेत, पालक आहे आणि कोपऱ्यात टोमॅटो काठीला टेकून उभे आहेत, तिथे पूर्वी एक पाय मोडलेली खुर्ची, गंजका पंखा आणि तळ गेलेल्या बादल्या एवढंच होतं. ती बाग मी केली. एकटीने केली असं म्हणणार नाही, कारण खणलं आमच्या ह्यांनी, आणि ते त्यांनी अजून कुणाला विसरू दिलेलं नाही. पण केली मी.

मी शिवणकाम करते. पॅन्टची उंची कमी करा, चेन बदला, गणवेश सैल करा, पडदे शिवा, सगळं. माझं मशीन बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाणाऱ्या बोळात आहे, कारण तिथे खिडकी आहे आणि बाकी कुठे जागा नाही. घरात कुणाला पाणी प्यायचं असलं तरी माझ्या पाठीला घासून जावं लागतं. आमचे हे बस चालवायचे. निवृत्त झाले तरी बोळातून जाताना अजून "साइड, साइड" म्हणतात आणि तोंडाने हॉर्न वाजवतात. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या मापाचं शिवलं. त्यात मला कमीपणा वाटत नाही. मी बसवलेली चेन अडकत नाही, कुणालाही विचारा. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक काम कमी करा म्हणून सांगितलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की शिवण बाजूला ठेवलं तर माझं म्हणून काही उरतच नाही. मला एक काम हवं होतं, जे कुणाच्या मापाचं नसेल. हे स्पष्टच सांगते, कारण पुढे मी जो हट्ट धरला तो भाजीसाठी होता असं लोकांना वाटतं.

त्याच सुमारास रोपवाटिकेचा मालक जॅकेटची चेन बदलून घ्यायला आला. जाताना त्याने खिशातून बियांची पाकिटं काढून मशीनवर ठेवली.

"लावून बघा, ताई. सोपं असतं."

सोपं असतं म्हणणाऱ्या माणसावर मी एरवी विश्वास ठेवत नाही. पण पाकिटावरचा घेवडा इतका हिरवागार होता की मी ती पाकिटं दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात ठेवली आणि दिवसभर अधूनमधून डबा उघडून बघत राहिले.

त्या मागच्या जागेवर डोळा असलेली मी एकटीच नव्हते. मुलाने एक जुनी लाल गाडी घेतली होती. ती समोर रस्त्यावर उभी असायची. कुणाची सायकल घासून जायची, कुणाचा चेंडू टपावर आदळायचा. मुलगा रोज सकाळी फडकं घेऊन तिच्याभोवती फेऱ्या मारायचा, आणि नवा ओरखडा सापडला की त्या दिवशी कुणाशी धड बोलायचा नाही. मागच्या गल्लीत आमचं एक फाटक आहे. तिथून गाडी आत येऊ शकते, हे त्याने मोजून पाहिलं होतं. एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "मागची जागा मी काँक्रीट करून घेतोय. गवंड्याशी बोललोय. शाळेची भिंत झाली की तो आपल्याकडे येईल."

"तिथे मी भाजी लावणार आहे," मी म्हणाले.

आमच्या ह्यांना पाणी पिताना ठसका लागला. मुलाने आधी हसू आवरायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला.

"आई, तू निवडुंग मारलंस. निवडुंग! वाळवंटात जगतं ते."

"लाडाने मेलं ते," हे म्हणाले. "रोज दोन वेळा पाणी मिळेल अशी त्याची कल्पनाच नव्हती."

मी ताटावरून उठले नाही, पण उठल्यासारखं तोंड केलं. आमची सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. पुरावा हातात आल्याशिवाय ती कुणाच्या बाजूने बोलत नाही, नवऱ्याच्याही नाही. तिने चमचा खाली ठेवला.

"वाद कशाला? गवंडी येईपर्यंत आईंना करू दे. तोवर मागच्या भाजीवर आपण चौघं एक वेळ जेवलो, तर जागा आईंची. नाहीतर गाडीची. बाजारातली एक काडीसुद्धा चालणार नाही."

"चालेल," मुलगा म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की मला त्याचा राग आला.

"मलाही चालेल," मी म्हणाले, आणि तेव्हा मला वाफा म्हणजे नेमकं काय तेही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून कंबर कसली. खुर्ची, पंखा, बादल्या भंगारात गेल्या. ह्यांच्या हातात कुदळ दिली. पहिल्या घावाला टण्ण आवाज आला. "अगं, ही जमीन आहे की रस्ता? हिला काँक्रीटची गरजच काय?" असं म्हणत म्हणत ते खणत राहिले, दर थोड्या वेळाने कमरेवर हात ठेवून 'इंजिन तापलंय' म्हणत सावलीत बसत राहिले, पण खणलं. रोपवाटिकेतून खत आणून मी ते हाताने मातीत कालवलं. नखांत माती गेली ती पुढे कित्येक दिवस निघेना, आणि गणवेशाच्या पांढऱ्या सदऱ्यांना हात लावायच्या आधी मला ब्रशने बोटं घासावी लागायची.

मग पेरणी. इथे माझ्या बढाईला थोडी कळ काढावी लागते, कारण इथे मी घोळ घातला. पण घोळ कसा घातला ते समजून घ्या. तो साध्या माणसाचा घोळ नव्हता, शिंप्याचा होता.

कापड समोर पसरलं की मी आधी ते डोळ्यांनी बेतते. पाठ इथे, बाह्या तिथे, कॉलर दोन बाह्यांच्या मधल्या खाचेत, खिसा उरल्यासुरल्या कोपऱ्यात. तुकड्याला तुकडा खेटून. दुसरे शिंपी जेवढं कापड मागतात त्याहून कमी कापडात मी तेच काम बसवते. "अजून अर्धा मीटर आणा" असं मी आजवर कुणाला सांगितलं नाही, आणि जो तुकडा उरतो तोही मी फेकत नाही. माझ्या पलंगाखाली चिंध्यांची पेटी आहे. तिच्यातून पायपुसणी होतात, उशा भरल्या जातात, एकदा तर मुलाच्या शाळेच्या नाटकातला अख्खा राजा मी त्या पेटीतून उभा केला होता.

तर मी टेप आणि खडू घेऊन वाफ्याशी बसले आणि वाफा बेतला. घेवड्याच्या ओळी अशा जवळ की दोन बियांमध्ये बोट जेमतेम जाईल. दोन ओळींच्या मधे मोकळी पट्टी दिसली, तिथे मुळा टाकला. मुळ्याच्या मधे जरा जागा राहिली, तिथे पालक. कडेला टोमॅटोची रोपं, पानाला पान लावून. उठून बघितलं तर मातीचा एक तुकडासुद्धा रिकामा नव्हता. मला इतकं समाधान वाटलं की मी ह्यांना बोलावून दाखवलं.

"बस पूर्ण भरली," हे म्हणाले.

शेजारी भिंतीपलीकडे एक निवृत्त ड्रिलमास्तर राहतात. शाळेच्या मैदानावर आयुष्य गेलं, त्यामुळे आवाज अजून मैदानाचाच आहे. त्यांच्याकडे कोबी आणि वांगी आहेत, आणि ती सगळी सरळ रेषेत सावधान उभी असतात. माझी पेरणी झाल्यावर त्यांचं डोकं भिंतीवर आलं.

"वहिनी, अंतर!"

"काय अंतर?"

"हात पसरून अंतर घ्यायला लावायचं प्रत्येकाला. एकमेकांना धक्का लागता कामा नये. हे काय, गर्दी करून ठेवलीत!"

"मास्तर, तुमची मुलं मैदानावर होती. माझी वाफ्यात आहेत."

"मी सांगायचं काम केलं," ते म्हणाले आणि डोकं खाली गेलं.

बिया उगवल्या त्या सकाळी मी घरातल्या सगळ्यांना उठवलं. आधी घेवड्याचे मान वाकवलेले कोंब वर आले, मग मुळ्याची दोन-दोन पानं, मग पालकाच्या बारीक काड्या. थोड्याच दिवसांत माती दिसेनाशी झाली. जे गिऱ्हाईक येईल त्याला मी आधी मागे नेऊन वाफा दाखवायची आणि मग त्याची पॅन्ट हातात द्यायची. पडदेवाल्या बाईंनी "किती दाट आलंय हो!" म्हटलं, तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने "हो ना, किती दाट!" म्हटलं, कारण मुलगा आत चहा पीत होता.

पण दाट ते दाटच राहिलं. रोपं उंच होत गेली आणि बारीक होत गेली. पानं पिवळी पडायला लागली. घेवड्याला फुलाचा पत्ता नाही. पालकाची पानं नखाएवढी. पाकिटावर लिहिलेली मुळ्याची वेळ उलटून गेली, म्हणून मी एक मुळा उपटून पाहिला. खाली मुळा नव्हताच. दोरा होता, सुईत ओवता आला असता.

तो दोरा हातात धरून मी उभी असताना मास्तर भिंतीवर आले. त्यांनी सगळा वाफा नजरेने एकदा तपासला.

"निम्मी कापा."

"निम्मी काय?"

"रोपं. निम्म्याहून जास्तच. जी मागे पडली आहेत ती काढायची, म्हणजे बाकीची उभी राहतील."

"जिवंत आहेत ती," मी म्हणाले. "चांगली हिरवी आहेत. मी लावली आणि मीच मारू?"

"मग सगळी अशीच राहतील," मास्तर म्हणाले. ह्या वेळी त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं.

मी नाही काढली. खत घातलं, पाणी घातलं, मुळांशी हळूच माती लावली, सकाळ-संध्याकाळ त्यांच्याशी बोलले. एकालाही हात लावला नाही. वाया घालवणं मला जमत नाही. रिळावर हातभर दोरा उरला तरी मी तो बटणासाठी ठेवते. ही तर रोपं होती, आणि प्रत्येकाची बी मी माझ्या बोटाने मातीत दाबली होती. मुलगा काही बोलायचा नाही, पण एकदा त्याने मागच्या दारातून वाफा बघितला आणि मग फाटकाची रुंदी पुन्हा टेपने मोजली. माझाच टेप घेऊन गेला होता.

मग ते सदऱ्याचं झालं. एक गृहस्थ आले, नवा सदरा घेऊन. दुसऱ्या कुणाकडून शिवलेला, बारा महिनेही झाले नव्हते. पोट सुटलं होतं त्यांचं. "जरा सैल करून द्या," म्हणाले. मी सदरा उलटा केला आणि शिवण बघितली. आतल्या शिवणीत थोडं जास्तीचं कापड राखून ठेवायचं असतं, आम्ही त्याला माया म्हणतो. पुढे माणूस सुटला, मूल वाढलं, तर तेवढं उसवून कपडा मोठा करता येतो. ह्या सदऱ्यात माया नावालाही नव्हती. कडेला कड लावून शिवलेला.

"हा नाही होणार सैल," मी म्हणाले, आणि माझा पारा चढला. "कुणी शिवला हा? कापड वाचवलं म्हणून खूश झाला असेल मोठा! पण वाढायला जागा नको? इतकं घट्ट बसवलं तर कपडा टिकेल तरी..."

आणि तिथेच मी थांबले. गृहस्थ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पुढचं वाक्य कुणाला उद्देशून आहे ते मला कळलं होतं.

"सदरा ठेवून जा," मी म्हणाले. "बगलेखाली पट्टी घालून देते." त्यांना वाटेला लावलं, धागे कापायची छोटी कात्री उचलली आणि मागे गेले.

माणसं विचारतात, नव्या कापडाला पहिली कात्री लावताना भीती वाटत नाही का. नाही वाटत. माझ्या हाताला कात्रीची भीती नाही. वाफ्यात मात्र पहिलं रोप कापायला मला बराच वेळ लागला. ते रोप घेवड्याचं होतं, शेजारच्यापेक्षा जरा ठेंगणं, बाकी त्याचा काही दोष नव्हता. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतील, हे माझं मलाच सुचलं, म्हणून मातीलगत कात्रीने कापलं. मग दुसरं. मग हात बसला. घेवड्याच्या दोन रोपांत माझा पंजा पसरून मावेल एवढी जागा केली, पालक विरळ केला, टोमॅटो तीनच ठेवले. ओळींमधला मुळा तर जवळजवळ सगळाच काढला, फक्त कडेची एक ओळ राहू दिली. काम संपलं तेव्हा वाफा ओसाड दिसत होता आणि मी रडले. कुणी बघितलं नाही असं वाटलं, पण भिंतीपलीकडून "शाब्बास" असा हळू आवाज आला. मास्तरांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

कापलेला पालक आणि मुळ्याची कोवळी पानं फेकली नाहीत, हे वेगळं सांगायला नको. बारीक चिरून अंड्यात घातली. "गवत बरं लागतं," हे म्हणाले. मुलगा म्हणाला, "हे धरायचं नाही हं, ही चटणीएवढी पण नाही." मी म्हणाले, "धरा म्हटलंय कुणी?"

आणि मग जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. ज्या वाफ्याने इतके दिवस तोंड फिरवलं होतं, तो आठवडाभरात बोलायला लागला. पानं रुंद झाली. पिवळेपणा गेला. घेवड्याची खोडं जाड झाली आणि एका सकाळी पानाखाली पांढरी फुलं दिसली. मुळ्यांनी खांदे मातीबाहेर काढले. मी मशीनवर बसायची पण दर दोन शिवणींनंतर उठून मागे जायची. शेंगा धरल्या तेव्हा पहिली शेंग सुनेला दाखवली. ती वाकली, पान उचललं, चष्मा वर सारून बघितलं आणि म्हणाली, "आहे." तिच्याकडून एवढं ऐकायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

फक्त वेळ गेली होती. जितके दिवस मी कात्री हातात धरायला घाबरले, तितके दिवस घेवडा मागे पडला होता. आणि शाळेची भिंत ठरल्यापेक्षा आधी झाली.

गवंडी शुक्रवारी येऊन सांगून गेला की रविवारी येतो, रविवार चुकला तर दूरच्या कामावर जाणार आणि मग कधी परतेन सांगता येत नाही. त्याच आठवड्यात कुणीतरी रस्त्यावर गाडीचा आरसा तोडून ठेवला होता. मुलगा तो आरसा हातात घेऊन घरात आला, टेबलावर ठेवला आणि नुसता बसून राहिला. मला त्याचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं. त्याचंही म्हणणं काही चुकीचं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी मी वाफ्यात जाऊन प्रत्येक रोप हाताने चाचपून पाहिलं. खाण्याजोग्या शेंगा मूठभर. बाकीच्या अजून काडीसारख्या. टोमॅटो हिरवे. मुळे बोटाएवढे, तेही चार-पाच. अजून थोडे दिवस मिळाले असते तर घराला पुरून उरलं असतं. आत आले तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक पिशवी, आणि पिशवीजवळ आमचे हे, चेहऱ्यावर साळसूद भाव.

पिशवीत घेवडा होता. बाजारातला, सारख्या लांबीचा, चकचकीत.

"अगं, शिजल्यावर कुणाला कळतंय?" ते कुजबुजले. "तुझ्यात मिसळून टाक. रविवारचा प्रश्न सुटला."

"तुम्ही कधी तिकीट नसलेला माणूस बसमध्ये घेतलात?"

"कितीतरी वेळा," ते म्हणाले. "दया यायची."

"मला नाही येत," मी म्हणाले. "माझा घेवडा माझा आहे. कमी आहे तर कमी आहे. त्याला ह्या असल्या घेवड्याच्या आड उभं करणार नाही मी." पिशवी मी मास्तरांच्या भिंतीवर ठेवून आले. "मुदत मागून घे की मग," हे म्हणाले. "पोरगा नाही म्हणायचा नाही." तेच तर मला नको होतं. त्याने दया करून दिलेली जागा मला नको होती.

रविवारी गवंडी आला. वाळू मागच्या गल्लीत पडली, सिमेंटची पोती फाटकाशी उतरली. मी त्याला म्हणाले, "आमची जेवणं होऊ द्या, मग सुरू करा." तो फाटकाशीच पोत्यावर बसला. मी शेंगा तोडल्या, पालक खुडला, मुळे उपटले. मुळे धुतल्यावर इतके पांढरेशुभ्र निघाले की मी ते क्षणभर नुसते हातात धरून उभी राहिले. सगळं मिळून थोड्याशा तेलावर परतलं. झाली एक वाटी. लहान वाटी.

टेबलावर चार ताटं मांडली, चारही ताटांत भात वाढला, आणि ती वाटी मुलासमोर ठेवली.

"चौघांपुरती झाली नाही," मी म्हणाले. "एकाची झाली. मी हरले. गवंड्याला सांग, जेवण झालं की काम सुरू कर. पण ही तू खा, म्हणजे तुला कळेल तरी कशावर सिमेंट टाकतोयस." हे बोलताना माझा आवाज चढला होता. रडू येत असलं की माझा आवाज चढतो, आणि घरात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मुलाने एक घास घेतला. चावला. पुन्हा वाटीत बघितलं.

"ह्यात काय घातलंयस?"

"मीठ."

"आणखी?"

"काही नाही. घेवडाच तसा आहे."

त्याने आणखी एक घास घेतला, मग वाटी बायकोपुढे सरकवली. तिला वाटलं चव घ्यायला दिली, तिने चमचाभर घेऊन वाटी परत केली. "बाबांना दे," तो म्हणाला. वाटी ह्यांच्याकडे गेली. ह्यांचा हात सढळ आहे. एक घास घेतला, दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

"बाबा, बास," मुलगा म्हणाला. "आईला ठेवा."

वाटी माझ्यासमोर आली. तळाशी दोन शेंगा, पालकाचं एक पान आणि मुळ्याची एक चकती. मी तोवर माझी भाजी चाखलीच नव्हती. मोजकी होती, म्हणून शिजवतानासुद्धा तोंडात टाकली नव्हती. खाल्ली. शेंग दाताखाली कचकन तुटली, कोवळी, गोडसर. मला इतका अभिमान वाटला की मी वाटी बोटाने पुसून घेतली.

मुलगा सुनेकडे वळला. "शर्त तू घातली होतीस. आपण चौघं ह्या भाजीवर जेवलो की नाही?"

तिने रिकाम्या वाटीकडे बघितलं, मग चारही ताटांकडे. पुरावा तपासायला तिला नेहमीच वेळ लागतो.

"किती खायचं ते ठरलं नव्हतं," ती म्हणाली. "जेवलो."

"माझं तर पोट भरलं," हे म्हणाले आणि कोरडा भात चमच्याने खायला लागले.

मुलगा उठला, हात धुतले आणि मागच्या दाराने बाहेर गेला. मी बसल्या जागेवरून हलले नाही. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं.

"मामा, काम राहिलं. सामान परत न्यायला मी मदत करतो."

"राहिलं म्हणजे? आणि गाडी?"

"गाडीला काय होतंय? राहील रस्त्यावर उभी."

"आणि ह्या जागेचं काय करणार?"

"इथे आमची आई भाजी लावते."

गवंडी पोत्यावरून उठला असावा, कारण त्याचा आवाज वाफ्याजवळून आला. "एवढ्याशा जागेत कितीशी होणार भाजी?"

"काय सांगू तुम्हाला," मुलगा म्हणाला, आणि अगदी माझ्यासारखाच, भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "आम्हा चौघांना पुरून उरते."

खोटं बोलू नकोस म्हणून मी त्याला लहानपणी कितीदा रागावलेय. त्या दिवशी काही बोलले नाही.